ऑनलाइन कोर्स काढताय? शिकणारे तिसऱ्या धड्यावर का थांबतात ते आधी बघा, आणि या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे स्वतःचा ऑनलाइन कोर्स काढणारे आता बरेच झालेत. स्पर्धा परीक्षांचे सर आहेत, कृषी सल्लागार आहेत, शिवणकाम शिकवणाऱ्या ताई आहेत. रडगाणं मात्र सगळ्यांचं एकच. लोक फी भरतात, दोन धडे बघतात आणि गायब होतात. मग शिक्षक म्हणतो, लोकांना शिकायचंच नाही. मला ते पटत नाही. बहुतेक वेळा कोर्सच उलट्या टोकाने बांधलेला असतो.

केळीचाच कोर्स घ्या. पहिला धडा केळीच्या उगमाचा, दुसरा जागतिक उत्पादनाचा, तिसरा वनस्पतिशास्त्राचा. तिकडे रावेर-यावलच्या केळीवाल्या माणसाची मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची केळी, लावायची वेळ डोक्यावर आलेली. त्याला दोन ओळींत अंतर किती ठेवायचं आणि ठिबकमधून खत कसं सोडायचं, एवढंच हवंय. तो थांबणार कशाला?

सुरुवात शेवटापासून करा. कोर्स संपल्यावर शिकणारा कोणतं काम स्वतःच्या हाताने करील, ते एका वाक्यात लिहा. ‘खत व्यवस्थापनाची सखोल माहिती मिळेल’ हे वाक्य चालणार नाही, कारण ते तपासता येत नाही. ‘आपल्या बागेचं विद्राव्य खतांचं आठवड्याचं वेळापत्रक स्वतः लिहील’ हे तपासता येतं. मग त्या कामासाठी काय काय यायला हवं ते मागे मागे जात मांडा. ज्या धड्याचा त्या कामाशी संबंध लागत नाही, तो कितीही आवडता असला तरी काढा. केळीच्या उगमाची पीडीएफ करून ठेवा, हौशी लोक वाचतील.

प्रश्न विचारण्यातली चूक

सगळ्यात जास्त पाणी इथे मुरतं. ‘युरियात नत्र किती टक्के असतं?’ हा प्रश्न टाकला की सगळे 46 लिहितात आणि शिक्षक खूश. पण यातून कुणाला काय जमतं ते कळत नाही. त्याऐवजी असं विचारा: 1000 झाडांना या आठवड्यात प्रत्येकी 5 ग्रॅम नत्र द्यायचं आहे, युरिया किती लागेल? उत्तर साधारण 11 किलो. आता चुकीचे पर्याय मनाला येतील ते टाकू नका. एक पर्याय 5 किलोचा ठेवा, कारण युरिया म्हणजेच नत्र असं धरणारा तिथे जाईल. दुसरा 2.3 किलोचा ठेवा; भागायच्या जागी गुणणारा तिथे सापडेल. आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराखाली नुसतं ‘चूक’ न लिहिता नेमकं कुठे घसरलं ते दोन ओळींत सांगा. असे पाच प्रश्न पन्नास सोप्या प्रश्नांना भारी पडतात.

तोच प्रश्न आकडे बदलून तीन-चार धड्यांनंतर पुन्हा विचारा. 2006 साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत मजकूर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं. ‘व्हिडिओ परत बघा’ हा सल्ला म्हणूनच फारसा कामाचा नाही.

व्हिडिओ

एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर व्हिडिओ सुमारे 69 लाख वेळा बघितले गेले, त्याचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, साधारण बघणारा सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हता. म्हणून काही जण चाळीस मिनिटांचं व्याख्यान कापून सात तुकडे करतात. वाक्य अर्धवट तुटतं, पण समाधान वाटतं! कापू नका, एका व्हिडिओत एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. ड्रोनने घेतलेली बाग आणि सुरुवातीचं संगीतही काढून टाका.

आवाजावर मात्र खर्च करा. चित्र धूसर असलं तरी लोक सांभाळून घेतात, आवाज फाटला की बंद करतात. साधा कॉलर माइक पुरतो. मे महिन्यात पंखा बंद करून दुपारी रेकॉर्डिंग करणं जळगावात कुणालाच झेपणार नाही, तेव्हा पहाटे उरकलेलं बरं.

डेटाचा हिशेबही करा. 2.5 एमबीपीएसचा (सेकंदाला 2.5 मेगाबिट) व्हिडिओ मिनिटाला जवळपास 19 एमबी खातो. तेच बोलणं 64 केबीपीएसच्या ऑडिओत दिलं तर दहा मिनिटं 5 एमबीत बसतात. सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीकडे, जिथे नेट जेमतेम मिळतं, तिथल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

गाडी कुठे अडते?

फी भरून पहिला धडाच उघडला नसेल तर शिकवण्यात दोष शोधू नका. नंबर मुलाचा दिलेला असतो, ओटीपी पुण्याला जातो. व्हिडिओ ‘दिसत नाही’ अशी तक्रार असेल तर यूट्यूबवर तो ‘प्रायव्हेट’ राहिलाय का बघा. लिंकवरून बघू द्यायचा तर ‘अनलिस्टेड’ लागतो. गृहपाठ कुणीच पाठवत नसेल तर फॉर्म तपासा. गूगल फॉर्ममध्ये फाइल मागितली की गूगल खात्याने लॉगिन करावं लागतं, आणि पासवर्ड मोबाइल दुकानवाल्यालाच ठाऊक. करपा रोग पडलेल्या पानाचा फोटो सरळ व्हॉट्सअॅपवर मागवा. शंकाही व्हॉइस मेसेजने येऊ द्या, अहिराणीत आली तर आणखी चांगलं. लिहायचं म्हटलं की निम्मे लोक शंकाच गिळतात.

सगळे एकाच धड्यावर थांबत असतील तर तो धडा बिघडलाय. वेगवेगळ्या जागी पांगत असतील तर तारखा बघा: कापूस वेचणी, लग्नसराई, किंवा थ्री फेज लाइट रात्री आल्यावर मोटार चालू करायला गेलेला माणूस. आठ वाजताच्या लाइव्ह तासाला तो यायचा कसा? रेकॉर्डिंग ठेवा आणि गृहपाठाला पंधरवड्याची मुदत द्या.

हे सगळं फी घेण्याआधीच कळू शकतं. नात्यातले नसलेले दोन-तीन जण गाठा, त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच बांधावरच्या नेटवर कोर्स उघडायला लावा आणि शेजारी गप्प बसा. मध्ये तोंड उघडायचं नाही, बोट दाखवायचं नाही. ते जिथे अडखळतील ती जागा तेवढी वहीत टिपायची.