जुन्या स्पोर्ट्स कारचे पुढचे स्ट्रट बदलताना
साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढताना वळणावर गाडीचं नाक डुलतंय, स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या जोडसंचाच्या) नळीवर तेल ओघळलंय? मग दोन्ही बाजूंचे स्ट्रट एकदमच बदला. टॉप माउंट (स्ट्रट वर बॉडीला जोडणारा भाग) आणि त्याचं बेअरिंगही नवीनच टाका. तिथे काटकसर केली तर महिन्याभरात स्टिअरिंग वळवताना खटखट सुरू.

गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. हबकडचे (चाक बसतं त्या भागाकडचे) बोल्ट सोडण्याआधी त्यांची जागा आखून ठेवा. हब तारेने बांधा, त्याचा भार ब्रेक होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) येता कामा नये.

स्ट्रट बाहेर काढला की स्प्रिंग कंप्रेसरचे (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराचे) दोन्ही भाग समोरासमोर लावून आलटून पालटून थोडे थोडे आवळा. स्प्रिंग सीटवर सैल हलेपर्यंत वरच्या मधल्या नटाला हात लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग उसळली तर जीवावर बेतेल. नवा नट हाताच्या पान्यानेच आवळा. इम्पॅक्ट गनने रॉड गरगरतो नि सील जातं. चाकांचं अलाइनमेंट मात्र लगेच करा, नाहीतर टायर एका कडेने झिजतील.