लेखक शाळेत येणार आहेत? मुलांशी संवाद घडवताना या चुका टाळा

बालसाहित्यिक शाळेत येणार म्हटले की सारा गाव कामाला लागतो. पताका लागतात, फळ्यावर रंगीत खडूंनी स्वागत रेखाटले जाते, शाल-श्रीफळाची व्यवस्था होते, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप चाललेला असतो ती मुले तासभर हाताची घडी घालून बसून राहतात. मालवण आणि वेंगुर्ले परिसरातील शाळांमध्ये अशा भेटी घडवून आणण्याचे काम मी काही वर्षे करते आहे. मुलाचा प्रश्न पुस्तकातल्या एखाद्या नेमक्या जागेतून निघाला, तर लेखक आपल्या लेखनाविषयी मनापासून बोलू लागतो. तो लेखकाच्या मोठेपणाकडे पाहून विचारला गेला, तर उत्तराचे भाषण होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पुस्तक न वाचता भेट ठरवणे. लहान शाळेत चाळीस मुलांसाठी चाळीस प्रती आणणे शक्य नसते, हे खरे. परंतु दोन प्रती असल्या तरी पुरतात. भेटीच्या महिनाभर आधीपासून रोज शेवटच्या तासाला पंधरा मिनिटे पुस्तक मोठ्याने वाचावे आणि मुलांनी आपापल्या वहीत 'अडलेली जागा' लिहून ठेवावी: पान कोणते, वाक्य कोणते, आणि तिथे मन का थांबले. कारण सांगता आले नाही तरी चालते, पण पानाचा आकडा मात्र हवाच. भेटीच्या दिवशी ही वही मुलाच्या हातात असली की त्याला प्रश्न आठवावा लागत नाही, तो पान उघडतो आणि विचारतो.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात आम्ही शिक्षकांनीच दहा प्रश्न तयार केले आणि चिठ्ठ्या करून हुशार मुलांना वाटले. सहावीतल्या एका मुलाने उभे राहून खणखणीत आवाजात वाचले, 'आपल्या लेखनामागील प्रेरणा कोणती?' लेखिकेने प्रेमाने विचारले, 'प्रेरणा म्हणजे काय असेल, तुला काय वाटतं?' मुलगा माझ्याकडे पाहू लागला, कारण चिठ्ठीवर पुढे काहीच लिहिलेले नव्हते. कार्यक्रम संपला, फोटो झाले, आणि लेखिका नळावर हात धूत असताना तोच मुलगा तिच्याजवळ जाऊन म्हणाला, 'ताई, तां चेडू रडाक नाय कित्याक?'

तिच्या कथेत आजी गेल्यानंतर नात रडत नाही, एवढेच त्याला अडले होते. लेखिका ओल्या हातांनी तशीच उभी राहिली आणि तिने सांगितले की पहिल्या खर्ड्यात ती मुलगी पावणेदोन पाने रडत होती. मग लक्षात आले की तिनेच सगळे रडून घेतल्यावर वाचणाऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून ती पाने काढली आणि आजीचे पावसात डोक्यावर घ्यायचे इरले खुंटीवरून पडते व नात ते उचलून पुन्हा खुंटीला लावते, एवढे एकच वाक्य ठेवले. त्या दिवसातले लेखनकलेविषयीचे सर्वांत मोलाचे बोलणे नळावर झाले आणि ते तिघांनीच ऐकले. तेव्हापासून मी चिठ्ठ्या बंद केल्या.

'नीट बोल' म्हणू नका

तो मुलगा सभागृहात गप्प का राहिला, याचे एक कारण चिठ्ठी होती आणि दुसरे भाषा. पाहुण्यांसमोर मालवणीत बोलायचे नाही, अशी ताकीद अनेक शाळांमध्ये आदल्या दिवशी दिली जाते. मनातला प्रश्न प्रमाण मराठीत बसवता बसवता त्यातला जीव निघून जातो आणि मूल शेवटी पाठ्यपुस्तकातल्या स्वाध्यायासारखे काहीतरी विचारते. मुलाला त्याच्या बोलीतच विचारू द्यावे. लेखकाला समजले नाही तर शेजारच्या मुलाने ते पुन्हा सांगावे. शिवाय बोली हा लेखनाच्या कसबातलाच विषय आहे. गोष्टीतली आजी देवगडची असून पुण्यासारखी का बोलते, हे विचारण्याचा अधिकार आमच्या मुलांइतका कोणाला आहे? एकदा चौथीतल्या मुलीने विचारले होते की, दशावतारात संवाद कोणी लिहून देत नाही, नट रंगमंचावर आयत्या वेळी बोलतात, मग तुम्ही ते का लिहिता? लेखकाने उत्तर देण्याआधी बराच विचार केला, आणि मग आपण संवाद आधी खोलीत एकट्याने मोठ्याने बोलून पाहतो, हे प्रथमच कोणाला तरी सांगितले.

आकड्यावर संपणारे प्रश्न

साने गुरुजींचे जन्मगाव पालगड आपल्याच कोकणातले, शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यामुळे 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात 1933 सालच्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहून झाले, ही माहिती आमच्याकडे अनेक मुलांना तोंडपाठ असते. मग ती प्रत्येक लेखकाला 'तुम्हाला पुस्तक लिहायला किती दिवस लागले?' असे विचारतात, लेखक आकडा सांगतो आणि बोलणे तिथेच थांबते. अशा मुलाला गप्प बसवू नये; त्याचा प्रश्न पुस्तकाकडे वळवावा. तेच पुस्तक उघडून विचारता येते की सगळी कहाणी बेचाळीस रात्रींमध्ये का वाटली असेल, आणि श्याम ती आश्रमातल्या मित्रांना सांगतो आहे अशी रचना केल्याने वाचताना काय बदलते. एका पुस्तकावर असा सराव झाला की मुले पाहुण्यांनाही 'प्रकरण इथेच का संपवलेत?' असे विचारू लागतात.

लेखकाची चूक दाखवणे हा उद्धटपणा नव्हे

एका बंदराजवळच्या शाळेत सातवीतला मुलगा उठून म्हणाला, 'सर, तुमच्या गोष्टीत आषाढात ट्रॉलर समुद्रात जातो. तेव्हा बंदी असते.' वर्गशिक्षकांनी त्याला लगेच बसण्याची खूण केली. मुलाचे म्हणणे अगदी बरोबर होते, कारण जून-जुलैत यांत्रिकी नौकांना मासेमारीबंदी असते आणि तो मासळीच्या घरातला असल्याने हे त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते. सुदैवाने लेखकाने त्याला पुढे बोलावले आणि मान्य केले की प्रसंगाला पाऊस हवा होता म्हणून महिना आषाढ घेतला, पण नौकेचा विचार केलाच नाही. मग त्याने सगळ्यांना विचारले, आता काय करावे? कोणी म्हणाले, गोष्ट नारळी पौर्णिमेनंतर न्या, तेव्हाही पाऊस असतो. कोणी म्हणाले, ट्रॉलर काढून छोटी होडी घाला. एका मुलीने सुचवले की होडी किनाऱ्यावर झापांखाली झाकलेलीच ठेवा आणि मुलाला तिच्यात लपून बसू द्या. ही शेवटची कल्पना लेखकाने वहीत उतरवून घेतली. पुनर्लेखन म्हणजे काय, हे त्या दहा मिनिटांत मुलांना समजले.

ऐन वेळच्या अडचणी

स्वागत आणि मनोगते दहा मिनिटांत आटोपावीत. पावसाळ्यात पत्र्याखाली काहीच ऐकू येत नाही, म्हणून डिसेंबर-जानेवारी बरे. मात्र आदल्या रात्री गावची जत्रा नाही ना, हे पाहावे, कारण रात्रभर नाटक पाहिलेली मुले सकाळी पेंगतात. लेखकाला खुर्चीवर आणि मुलांना लांब सतरंजीवर बसवण्याऐवजी सर्वांनी गोल बसावे.

प्रश्नच येत नसतील, तर 'विचारा, विचारा' असा धोशा लावू नये, त्याने मुले अधिकच आक्रसतात. अशा वेळी लेखकाने एक परिच्छेद वाचावा आणि मुलांनी दोन मिनिटे शेजाऱ्याशी बोलावे. नंतर हात आपोआप वर येतात. लेखकच संस्कारांवर भाषण करू लागला, तर त्याला थांबवणे अवघड असते, म्हणून आधीच विनंती करावी की खाडाखोड केलेले एखादे पान सोबत आणा. ते पान हातोहात फिरू लागले की भाषणाला जागा राहत नाही. छापलेले पुस्तक पाहून मुलांना वाटते की ते असेच एकटाकी उतरले असेल. पहिले वाक्य सहा वेळा खोडलेले दिसले की त्यांना आपल्या वहीतल्या खाडाखोडीची लाज वाटत नाही.

एखादे मूल स्वतःची कविता घेऊन येते आणि मोठी माणसे तिथेच 'सांगा, कशी आहे?' असे विचारतात. गर्दीत लेखक 'छान' याशिवाय काय म्हणणार? ती कविता घ्यावी आणि सवडीने वाचून चार ओळींचे उत्तर पाठवण्याची विनंती करावी.

भेटीनंतर कार्यक्रमाचा अहवाल किंवा निबंध लिहायला लावणे मी सोडून दिले आहे. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी मुलांनी आपलीच जुनी गोष्ट काढायची आणि तिच्यातले एक पान पुन्हा लिहायचे. महिनाभराने दोन्ही पाने, जुने आणि नवे, एकाच पाकिटात घालून आम्ही लेखकाकडे पाठवतो, आणि सोबत शाळेचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले कोरे पाकीट ठेवतो.