जुन्या ट्रकच्या रेडिएटरचा पाझर शोधताना

मी कामाला लागून थोडेच महिने झाले होते. तेव्हा एका जुन्या ट्रकचे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, आठवड्याला अर्धा-पाऊण लिटर उतरत असे, पण गाडीखालची जमीन कोरडीच राहत असे. रेडिएटरच्या खालच्या होज पाइपवर ओल दिसली, म्हणून मी रेडिएटर स्वच्छ धुऊन काढला आणि पाइप व क्लिप दोन्ही बदलले. पुढच्या आठवड्यात कूलंट पुन्हा तेवढेच कमी झाले. ओल दिसते तिथेच गळती असते हा समज चुकीचा आहे. या कामात नव्याने येणाऱ्याने तो पहिल्याच दिवशी टाकून द्यावा, असे मला मनापासून वाटते.

गाडी चालू असताना पंखा हवा रेडिएटरमधून इंजिनाकडे ओढतो. त्यामुळे वर कुठेतरी सुटलेला थेंब मागे फेकला जातो, कडेकडेने ओघळतो आणि भलत्याच ठिकाणी साठतो. पाझर बारीक असेल तर गरम धातूवर पाणी उडून जाते आणि कूलंटमधल्या द्रव्यांचा पांढरट, हिरवट किंवा गुलाबीसर थर तेवढा उरतो. हा वाळलेला डाग म्हणजे गळतीचा पुरावा असतो, आणि मी तोच धुऊन टाकला होता. म्हणून आधी टॉर्च घेऊन डाग पाहावेत, त्यांचा माग खालून वर काढावा आणि मगच धुवावे.

त्यानंतर रेडिएटरच्या झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर, म्हणजे दाब दाखवणारा काटा असलेला हातपंप, लावावा, मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. गरम रेडिएटरचे झाकण उघडले तर दाबाखालचे कूलंट उसळून अंगावर येते आणि गंभीर भाजते. झाकणावर ०.९ किंवा १.१ बार असा जो आकडा असतो, तेवढाच दाब हातपंपाने द्यावा. जास्त दाबाने जुना रेडिएटर चांगल्या जागीही फुटू शकतो. दाब दिल्यावर पंधरा मिनिटे घाई न करता काट्याकडे आणि सांध्यांकडे पाहत राहावे. त्या ट्रकचा काटा अगदी सावकाश उतरत होता. सातव्या-आठव्या मिनिटाला, वरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे पत्र्याच्या दातांनी दाबून बसवलेली असते, तिथे मोहरीएवढा थेंब फुगला आणि कडेवरून खाली होज पाइपच्या दिशेने घसरला. तांबे-पितळेच्या रेडिएटरमध्ये असाच पाझर नळ्यांच्या डागकामाच्या सांध्यांवर शोधावा.

काटा स्थिर राहिला म्हणून गाडी निर्दोष ठरत नाही. काही चिरा तापल्यावरच उघडतात, तर सैल क्लिपा बहुधा इंजिन थंड असताना ठिबकतात. झाकणही वेगळे तपासावे, कारण त्याची स्प्रिंग थकली की कूलंट ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जाते आणि दोष विनाकारण रेडिएटरला लागतो. कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या छिद्रातून ओल येते का तेही पाहावे. केबिनमध्ये गोडसर वास येत असेल किंवा काच आतून चिकट धुरकट होत असेल, तर गरम कूलंटवर चालणाऱ्या केबिनच्या हीटरवर संशय घ्यावा. बाहेर काहीच सापडत नसेल आणि चालू इंजिनात कूलंटमधून सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधल्या सीलची, तपासणी टाळू नये.

कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते, तरी चवीला गोड असल्यामुळे जनावरे ते चाटतात. म्हणून तपासणी करताना सांडलेले सगळे कूलंट लगेच पुसून घ्यावे.