दत्तकाची फाइल : कोणाला काय दाखवायचं, काय नाही

दत्तकाचा आदेश हातात आला की पहिली चूक होते ती झेरॉक्सची. शाळा मागते, बँक मागते, ऑफिसातला आस्थापना विभाग मागतो, आणि प्रत्येकाच्या कपाटात एकेक प्रत जाऊन पडते. खरं तर यांतल्या बहुतेकांना फक्त जन्मदाखला पुरतो. आदेश न्यायालयाचा असो की बाल न्याय अधिनियमातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतरचा जिल्हाधिकाऱ्यांचा, त्याच्या आधारे निघणाऱ्या जन्मदाखल्यावर आईवडील म्हणून तुमचीच नावं येतात. त्यासाठी अर्ज विशेष दत्तक संस्था, म्हणजे जिच्याकडून मूल घेतलं ती, करते. दाखला हाती आला की तिथेच उभं राहून वाचा: नावांचं स्पेलिंग, आदेशातली जन्मतारीख आणि शेऱ्याचा रकाना. तिथे ‘दत्तक’ असं काही लिहिलेलं असेल तर लगेच लेखी दुरुस्ती मागा.

मूल मोठं असेल तर शाळेचं काम आधी उरका. जुन्या नावाचा शाळा सोडल्याचा दाखला नव्या शाळेत गेला की तेच नाव जनरल रजिस्टरवर चढतं, आणि पुढे ते बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत खेटे घालावे लागतात. म्हणून प्रवेशाच्या आधी मुख्याध्यापकांना भेटून नवा जन्मदाखला द्या. आधारचीही अशीच गोष्ट आहे. संस्थेत असताना मुलाचे बोटांचे ठसे घेऊन आधार काढलेलं असेल, तर नवीन नोंदणी करू नका. ठसे जुळतात आणि अर्ज फेटाळला जातो. आहे त्याच क्रमांकावर नाव आणि पत्ता बदलून घ्या.

आदेश खरोखरच द्यावा लागतो तो दत्तक रजेसाठी, आणि बातमी फुटतेही बहुधा तिथूनच. प्रत ईमेलवर पाठवू नका. बंद लिफाफ्यात, संबंधित अधिकाऱ्याच्या नावाने द्या आणि प्रतीवर आडवं लिहा: ‘फक्त दत्तक रजेच्या मंजुरीसाठी’, खाली तारीख. बाल अभ्यास अहवाल (मुलाची पार्श्वभूमी) आणि गृह अध्ययन अहवाल (तुमच्या घराची-कुटुंबाची पाहणी) मात्र कोणालाच देऊ नका. डॉक्टरांना वैद्यकीय तपासणी अहवाल पुरतो. कौटुंबिक आजारांच्या रकान्यात अंदाजाने काही भरू नका, ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच लिहा.

फोटोंच्या बाबतीत कायदा कडक आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, म्हणजे ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बालगृहात वाढदिवस साजरा करून मुलांसोबतचे फोटो फेसबुकवर टाकणारे पुढारी आणि मंडळं हे कलम बहुधा वाचत नसावीत. सोडून दिलेल्या मुलाच्या पालकांचा शोध घेण्यासाठी वर्तमानपत्रात फोटो येतो, पण तो अधिकृत प्रक्रियेतून. आईने स्वतः बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) मूल सोपवलं असेल तर अशी जाहिरातही देता येत नाही. ‘मुलगी दत्तक द्यायची आहे’ असा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आला तर पुढे पाठवू नका, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा.

ही सगळी गुप्तता बाहेरच्यांपासून आहे, मुलापासून नव्हे. फाइल फाडून टाकणारे पालक अजूनही भेटतात. पुढे मुलाला मूळ शोधायचं असेल तेव्हा संस्थेचं नाव, आदेशाचा क्रमांक आणि तारीख हेच धागे असतात. १८ वर्षं पूर्ण झाल्यावर दत्तक व्यक्ती ‘कारा’कडे (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण) स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी आईवडिलांसह. मित्र, पत्रकार, खासगी शोधक अशा तिसऱ्याच कोणी केलेला शोध नियमांत बसत नाही. मूल सोपवताना जन्मदात्यांनी ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर आधी त्यांची संमती घेतली जाते. त्यांनी नकार दिला किंवा ते सापडलेच नाहीत, तर ओळख कळत नाही, पण मूल कोणत्या परिस्थितीत सोपवलं गेलं हे सांगितलं जातं. याची कल्पना मुलाला अर्ज करण्याआधीच द्या. आणि संस्था दरम्यान बंद पडली असेल, तर त्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात लेखी चौकशी करून अर्जाची पोच घ्या.