ऑर्किड आणलंय? मग निदान या चुका टाळा

जानेवारीत पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन झालं की पुढे पावसाळ्यापर्यंत मला एकाच प्रकारचे फोटो येत राहतात: सुरकुतलेली पानं, खाली ओलीगच्च कुंडी. सोबत प्रश्न, "याला काय झालं असेल हो?" काय व्हायचंय? बुडालं ते.

दुकानात मिळणारी बहुतेक ऑर्किड्स, म्हणजे फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, ही मुळात झाडाच्या फांदीला धरून राहणारी. त्यांच्या मुळांवर पाणी शोषणारं जाड आवरण असतं. भिजलं की हिरवं दिसतं, वारा लागला की वाळून रुपेरी. मुळांना असं भिजणं आणि वाळणं दोन्ही लागतं. तुम्ही लाल माती, शेणखत, वर कोकोपीट असं ठासून भरलंत की ती गुदमरतात आणि कुजतात. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं सुरकुततात. पान सुरकुतलेलं दिसलं की माणूस काय करतो? आणखी एक तांब्या ओततो.

औंधला राहणाऱ्या माझ्या धाकट्या नणंदेने हे नाटक तिन्ही अंकी करून दाखवलं. वास्तुशांतीला तिला कुणी तरी पांढरं फॅलेनॉप्सिस दिलं, चकचकीत सिरॅमिकच्या कुंडीत. कुंडीला तळाशी भोक नाही. फुलं दोन-अडीच महिने टिकली. ती टिकतातच, त्यात तिचं कर्तृत्व काही नव्हतं. जूनमध्ये पानं लोळली. तिने पाणी वाढवलं. मग कुणी सांगितलं म्हणून चहाचा चोथा घातला, मग ताक. गणपतीला गुहागरला जायचं होतं, तर मागे झाड सुकेल म्हणून कुंडीच पाण्याच्या टबात ठेवून गेली. आल्या आल्या फोन, "वहिनी, त्याला वास येतोय."

जाऊन झाड उपसलं. चोथ्यात चिलटं, आणि मूळ चिमटीत धरलं की वरचं आवरण निसटून हातात नुसता दोरा. मधोमध नर्सरीतला मॉसचा, म्हणजे वाळवलेल्या शेवाळाचा, गोळा जसाच्या तसा, ओला. हा गोळा विकतच्या बऱ्याच रोपांत असतो. वरून सगळं सुकं दिसतं आणि आत दलदल. फुलं गळून गेली की पहिलं काम तो काढायचा. फुलं असताना मात्र झाड हलवू नका.

कात्री गॅसवर तापवून घेतली आणि मऊ, तपकिरी ते सगळं कापलं. कापल्या जागी दालचिनीची पूड लावली, तीही तेवढ्यापुरतीच, कारण चांगल्या मुळाला लागली तर ती त्याला सुकवते. झाड दिवसभर सावलीत उघडंच ठेवलं आणि भोकं असलेल्या लहानशा प्लास्टिकच्या कुंडीत नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा, विटांचे तुकडे घालून बसवलं. "एवढीशी कुंडी? मोठी आणू की!" मोठी कुंडी म्हणजे उशिरा वाळणारी कुंडी, बाई. "मग खत तरी घालू?" ज्याला मुळंच नाहीत ते खत कशाने खाणार? झाड वाचलं. फूल मात्र पुढचा हिवाळा बिनफुलाचा घालवून त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आलं. दर महिन्याला ती विचारायची आणि मी "थांब" म्हणायचे. ज्यांना थांबणं जमत नाही त्यांनी झेंडू लावावा, दसऱ्याला उपयोगी पडतो.

आठवड्यातून किती वेळा पाणी घालायचं, हे मला विचारू नका. एप्रिलमधलं पुणं आणि जुलैमधलं पुणं ही दोन वेगळी गावं आहेत. पारदर्शक कुंडी घ्या. मुळं रुपेरी दिसली आणि कुंडी उचलून हलकी लागली तर सकाळी सिंकमध्ये भरपूर पाणी घाला, पूर्ण निथळू द्या. मुळं हिरवी असतील तर हात मागे घ्या. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या मधल्या खोबणीत पाणी राहिलं तर कापसाने टिपा, नाहीतर शेंडाच कुजतो.

दुसरी चूक खास आपल्याकडच्या काटकसरीची: आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडांना घालणं. अहो, फिल्टरने गाळून काढलेले क्षार त्याच पाण्यात असतात! आधीच वाकड-वाघोलीकडच्या सोसायट्यांत बोअरचं नाहीतर टँकरचं जड पाणी, त्यात हे दाट केलेलं. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढतात, मुळांची टोकं काळी पडतात आणि दोष खताला जातो. त्या पाण्याने फरशी पुसा. ऑर्किडला पिण्याचं पाणी द्या, आणि पावसाळ्यात गच्चीवर बादली ठेवा.

खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात) चालतं, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव मात्रेत. 'बूस्टर' नावाच्या बाटल्या दुकानातच राहू द्या.

पूर्वेची खिडकी उत्तम. पश्चिमेच्या बाल्कनीत एप्रिलमध्ये पानं भाजतात. पानं गर्द हिरवी आणि फुलांचा पत्ता नाही, म्हणजे उजेड कमी पडतोय. फॅलेनॉप्सिसला दांडा फुटायला काही आठवडे गार रात्री लागतात, त्या आपल्याकडे नोव्हेंबरात फुकट मिळतात. तेव्हा ते हॉलमध्ये टीव्हीशेजारी कोंडून ठेवू नका. कडाक्याच्या थंडीत मात्र आत घ्या.

डेंड्रोबियमच्या पानं गळलेल्या जुन्या काड्या कुरूप दिसतात म्हणून छाटू नका. झाडाची शिदोरी त्यांच्यातच असते, कधीकधी फूलही त्यांच्यावरच येतं.

उघड्या मुळांचा लोंबता वांडा, हेही एक ऑर्किडच, पहिल्याच खरेदीत घेऊ नका. उन्हाळ्यात त्याला रोज भिजवावं लागतं, आणि तुम्ही मे महिन्यात गावाला जाणार आहात.

ताम्हिणी, भीमाशंकरहून फांदीसकट 'सीतेची वेणी' हे रानातलं ऑर्किड काढून आणणाऱ्यांना मी सल्ला देत नाही. दोन्हीकडे अभयारण्य आहे आणि तिथून झाड उचलणं गुन्हा आहे.

आणि ते गडद निळं फॅलेनॉप्सिस रंग देऊन निळं केलेलं असतं. पुढच्या वेळी पांढरं फुललं तर नर्सरीवाल्याशी भांडायला जाऊ नका. घेताना विचारायचं होतं.