इंटरमीडिएट शोधताय? आधी ८५ चं पीक ओळखायला शिका

पीएचडीच्या पहिल्या वर्षी, तीन इथिलीन जोडून १-हेक्झीन बनवणाऱ्या क्रोमिअमच्या कॅटॅलिस्टवर (उत्प्रेरकावर) इथिलीन सोडलं, ईपीआरमध्ये (सुटे इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या तंत्रात) झकास सिग्नल आला आणि मी लॅबबुकात मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं: क्रोमिअम(१) इंटरमीडिएट! इंटरमीडिएट म्हणजे रिअॅक्शनच्या मधल्या टप्प्यात बनणारं रूप, आणि कंसातला आकडा म्हणजे क्रोमिअमची ऑक्सिडेशन अवस्था. सहा महिने तो सिग्नल माझ्या पोस्टरवर मिरवत होता. मग एका सिनियरनं विचारलं, "एकूण क्रोमिअमपैकी हे किती? आणि इथिलीन संपत येतं तेव्हा याचं काय होतं?" मोजलं तर अगदी थोडं निघालं. वर रिअॅक्शन मंदावत जाई तसा सिग्नल वाढत होता. मी कॅटॅलिस्टचं प्रेत जपत बसले होते. उरलेल्या क्रोमिअमपैकी बरंच क्रोमिअम(२) असणार, आणि ते साध्या ईपीआरला दिसतच नाही.

जे भरपूर साठतं ते बहुधा कॅटॅलिस्टच्या रिअॅक्शन-चक्राबाहेरचं असतं, नाहीतर सगळ्यात मंद पायरीच्या अलीकडे अडकलेलं. रोडिअमच्या असममित हायड्रोजनेशनमध्ये (हायड्रोजन जोडून डाव्या-उजव्या हातांसारख्या दोन रूपांपैकी मुख्यतः एकच बनवणं) रसायनशास्त्रज्ञ जॅक हॅल्पर्न यांनी दाखवलं की कॅटॅलिस्टला कच्चा माल चिकटून बनणाऱ्या दोन रूपांपैकी द्रावणात कमी असलेलं रूपच झपाट्यानं पुढे जाऊन मुख्य उत्पादन देतं. म्हणून पकडलेल्या संयुगावर इथिलीन सोडा आणि त्याचा वेग मूळ रिअॅक्शनशी ताडून बघा. तो कमी भरला तर संयुग कितीही देखणं असो, सोडून द्या.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते ड्युटेरिअमनं, म्हणजे जड हायड्रोजननं. साधं आणि पूर्ण ड्युटेरिअमवालं इथिलीन समसमान घ्यायचं आणि तयार झालेलं १-हेक्झीन मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूंच्या वस्तुमानांच्या आलेखात) बघायचं. धातू आणि कार्बनचं वलय बनत असेल तर तीन इथिलीन अखंड जोडले जातात, म्हणून ८४, ८८, ९२, ९६ एवढीच वस्तुमानं, साधारण १:३:३:१ प्रमाणात. धातू-हायड्राइडवर (हायड्रोजन जोडलेल्या धातूवर) साखळी वाढत असेल तर एका साखळीचा हायड्रोजन दुसरीत जातो आणि ८५, ८७ अशी मधली पीकंही येतात. २००४ मध्ये जॉन बरकॉ यांच्या गटानं क्रोमिअमवर हा प्रयोग केला, आणि कौल वलयाच्या बाजूनं लागला.

मी केला तेव्हा ८५ ला छोटं पीक दिसलं आणि रात्रभर झोप नाही! सहा कार्बन म्हणजे नैसर्गिक कार्बन-१३ (एका एककानं जड कार्बन) चेच ८४ च्या साडेसहा टक्के होतात, हे सकाळी सुचलं.

वलय आहे एवढं कळलं, तरी क्रोमिअम १ आणि ३ मध्ये फिरतो की २ आणि ४ मध्ये, हे ड्युटेरिअम सांगत नाही. त्यावर वाद चालूच आहेत. माझ्या पोस्टरवर आता त्या सिग्नलखाली "निष्क्रिय?" असं लिहिलंय, प्रश्नचिन्हासकट.