क्रिप्टो कॉइनचा भाव मुद्दाम चढवलेला आहे का, हे घेण्याआधी कसं तपासायचं

टेलिग्राम ग्रुपवर ‘रात्री ९ वाजता कॉइन जाहीर’ अशी उलटी गणती लागली, की आयोजकांनी माल आधीच भरून ठेवलाय असं धरून चाला. आता तो गळ्यात मारायला माणसं हवी असतात.

यात पैसा कसा फिरतो ते आकड्यांत बघा. नवं टोकन (म्हणजे असं कॉइन) अनेकदा युनिस्वॅप किंवा पॅनकेकस्वॅप या क्रिप्टो बाजारांवरच्या पूलमध्ये, म्हणजे खरेदी-विक्रीसाठीच्या सामायिक साठ्यात असतं. एका बाजूला टोकन, दुसऱ्या बाजूला पैसा. साध्या पूलमध्ये दोन्हींचा गुणाकार कायम राहतो. समजा १० लाख टोकन आणि १० लाख रुपयांचे यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो चलन) आहेत. भाव १ रुपया. आयोजकाने १० लाख टाकले, त्याला ५ लाख टोकन मिळाले. भाव ४ रुपये. मग ग्रुपवाल्यांनी मिळून १० लाख टाकले. त्यांना जेमतेम १.६७ लाख टोकन मिळाले आणि भाव ९ रुपये झाला. चार्टवर नऊपट! इथे आयोजक सगळा माल विकतो: त्याच्या हाती १८ लाख, भाव १ रुपया ४४ पैसे. उरलेल्यांनी विकलं तर सगळ्यांना मिळून २ लाख. (फी धरलेली नाही.)

म्हणून भावाआधी पूल बघा. डेक्सस्क्रीनर या भाव-चार्टच्या साइटवर टोकन नावाने शोधू नका, एकाच नावाची ढीगभर असतात. कॉन्ट्रॅक्ट ॲड्रेस, म्हणजे त्या टोकनचा एकमेव पत्ता, टाका. तिथे दिसणाऱ्या लिक्विडिटीत (पूलमधल्या एकूण साठ्याच्या किमतीत) साधारण निम्मा भाग टोकनचाच असतो, तो पैसा समजू नका. उरलेल्या निम्म्याच्या १ टक्क्याएवढी खरेदी केली तरी भाव २ टक्के हलतो. लिक्विडिटी चिमूटभर, उलाढाल तिच्या कित्येक पट आणि व्यवहार करणारी वॉलेट (क्रिप्टो खाती) मात्र मोजकीच, असं दिसलं तर इकडच्या खिशातून तिकडच्या खिशात चाललंय.

मग इथरस्कॅन किंवा बीएससीस्कॅन या ब्लॉकचेनच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर ‘होल्डर्स’, म्हणजे टोकन कोणाकडे किती आहेत ती यादी, उघडा. पूल, लॉक (ठरावीक काळ अडकवलेले टोकन) आणि बर्नचे (कायमचे बाद केलेले टोकन) पत्ते वगळा. उरलेल्या दोन-चार वॉलेटकडे मोठा हिस्सा असेल तर सोडून द्या. पूलचे एलपी टोकन (पूलमधल्या हिश्शाच्या पावत्या) लॉक आहेत का, आणि किती दिवसांसाठी, तेही बघा. ते निर्मात्याच्याच वॉलेटमध्ये असतील तर तो अख्खा पूल काढून नेऊ शकतो.

विकता येतं का, हे वेगळं तपासावं लागतं. २०२१ मध्ये ‘स्क्विड गेम’ मालिकेशी संबंध नसताना तिच्या नावावर आलेलं टोकन १ नोव्हेंबरला २,८०० डॉलरच्या वर गेलं आणि काही मिनिटांत जवळपास शून्यावर आलं. त्याआधीच घेणाऱ्यांना ते विकता येत नव्हतं. अगदी थोडं घ्या, लगेच विका. पण ही चाचणी पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका: विक्रीवरचा कर बदलायचा अधिकार मालकाने स्वतःकडे ठेवला असेल तर दार नंतरही बंद होतं.

भारतात आणखी एक फटका आहे. नफ्यावर ३० टक्के कर, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.

अडकलातच तर वॉलेटने त्या कॉन्ट्रॅक्टला दिलेली अप्रूव्हल (पैसे हलवायची परवानगी) रद्द करा, व्यवहारांचे हॅश (ओळख क्रमांक) आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार द्या. ‘पैसे सोडवून देतो, आधी फी भरा’ म्हणत येणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. बऱ्याचदा ती त्याच टोळीची माणसं असतात.